जागचे न हललेले उपकरण पुन्हा पुन्हा नोंदणी का करते? (उपग्रह नेटवर्क)

थांबलेला_प्रवासी

नमस्कार मंडळी. पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका उपकरणाची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. ते काँक्रीटच्या खांबावर चार बोल्टांनी आवळून बसवलेले आहे. जवळपास मोबाइलचा एकही टॉवर नसल्यामुळे ते खालच्या कक्षेतल्या उपग्रहांमार्फत, एनबी-आयओटी पद्धतीने (४जीच्या घराण्यातली, थोडाच डेटा पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांसाठीची पद्धत), दिवसातून ४ वेळा मोजणी पाठवते. बॅटरी अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरू लागली, म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याचा लॉग उतरवून घेतला. एका दिवसाच्या लॉगमध्ये ४ मोजण्या होत्या आणि १९ नोंदण्या. ज्या कामासाठी त्याला तिथे बसवले, त्याच्या जवळजवळ पाचपट वेळा ते नेटवर्कला ‘मी इथे आहे’ एवढेच कळवत होते.

नोंदणी ही उपकरणाने जागा बदलल्यावर करायची गोष्ट, अशी माझी आजवरची समजूत आहे. जे इंचभरही हललेले नाही, त्याने आपले ठिकाण इतक्या वेळा का कळवावे? हा फर्मवेअरमधला दोष समजावा की उपग्रह नेटवर्कची रीतच अशी आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आकाशवेध

रीतच अशी आहे, असे मी म्हणेन. जमिनीवरच्या नेटवर्कमध्ये टॉवर उभे असतात आणि फोन फिरतात. सगळे नियम याच गृहीतकावर बेतलेले आहेत. आपल्याकडे खांब उभा आहे आणि टॉवरच फिरतो आहे. ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.५६ किलोमीटर वेगाने जातो. त्याचा बीम, म्हणजे त्याच्या अँटेनाचा जमिनीवर पडणारा झोत, त्याच्याबरोबरच जमिनीवरून सरकत असेल आणि बीमचा व्यास ५० किलोमीटर असेल, तर तो आपल्या खांबावरून साधारण ७ सेकंदांत निघून जातो. बीम १,००० किलोमीटरचा धरला तरी दोन-अडीच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

आता हिशेब करून पाहा. ५० किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस किलोमीटर होते. चौरस किलोमीटरला एकच उपकरण धरले आणि नवा बीम आला की प्रत्येकाने नोंदणी करायची असे ठरवले, तर एकेका बीममध्ये सेकंदाला २८० नोंदण्या येतील, आणि त्यांतला एकही जण जागचा हललेला नसेल.

शंकासूर

आकाशवेध यांचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. हाच गुणाकार नियम ठरवणाऱ्यांना सुचला नसेल, असे कसे मानायचे? पत्ता घराचा असतो, दारावरून जाणाऱ्या बसचा नसतो. ट्रॅकिंग एरिया, म्हणजे नोंदणीपुरता नेटवर्क ज्याला एक गाव मानते तो भाग, बीमला न जोडता जमिनीला जोडला की हा प्रश्नच उरत नाही. तसे केलेले असणारच; तेव्हा त्या १९ नोंदण्यांचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

पडघम

बसमध्ये बसून राहिलेल्या माणसाला कंडक्टर दर थांब्यावर नवे तिकीट काढायला लावतो, अशी काहीशी ही गोष्ट दिसते.

शंकासूर

पडघम, उलट आहे. माणूस थांब्यावर उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसचा कंडक्टर त्याच्याकडे तिकीट मागतो आहे.

तारायंत्री

शंकासूर यांचा अंदाज बरोबर आहे. माझा या विषयाशी कामानिमित्त संबंध येतो, म्हणून जरा लांबीने लिहितो.

मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या रिलीज १७ मध्ये, म्हणजे २०२२ साली पूर्ण झालेल्या नियमांच्या आवृत्तीत, ट्रॅकिंग एरिया जमिनीला जखडलेला आहे असेच धरले आहे. नकाशावर एकदा रेषा आखल्या की त्या हलत नाहीत; वरून जाणारा उपग्रह ज्या भागावर प्रकाश टाकत असेल, त्या भागाचा सांकेतिक क्रमांक त्याच्या सेलमधून, म्हणजे बीमने व्यापलेल्या सेवाक्षेत्रातून, प्रसारित होतो. उपग्रह पुढे सरकला की प्रसारित होणारा क्रमांक बदलतो. उपकरणाकडे नेटवर्कने दिलेली क्रमांकांची एक यादी असते. कानावर पडलेला क्रमांक यादीत असेल तर उपकरणाने गप्प बसायचे, नसेल तर नोंदणी करायची. या नोंदणीला ४जीच्या घराण्यात ट्रॅकिंग एरिया अपडेट म्हणतात आणि ५जीमध्ये रजिस्ट्रेशन म्हणतात. तत्त्व एकच आहे.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. अडचण हद्दीवर येते. जमिनीवरची रेषा बारीक आहे आणि बीम मात्र ऐसपैस आहे, त्यामुळे काही काळ एकच बीम रेषेच्या दोन्ही बाजूंना पडलेला असतो. त्या वेळी सेलने कोणता क्रमांक सांगायचा? एक पद्धत अशी की एका क्षणापर्यंत जुना सांगायचा आणि त्या क्षणानंतर नवा. याला हार्ड स्विच म्हणतात. यात रेषेजवळच्या उपकरणाला एका बीमकडून पहिला क्रमांक ऐकू येतो, मागून येणाऱ्या बीमकडून दुसरा, आणि पुढच्या उपग्रहाची वाट थोडी वेगळी असल्यामुळे त्याच्याकडून पुन्हा पहिला. उपकरण जागेवरच असते, पण त्याच्या दृष्टीने गाव सतत बदलत असते.

दुसरी पद्धत सॉफ्ट स्विचची. यात बीम ज्या ज्या भागांवर पडला आहे त्या सगळ्यांचे क्रमांक सेल एकाच वेळी प्रसारित करतो. रिलीज १७ ने एका नेटवर्कसाठी असे १२ पर्यंत क्रमांक सांगण्याची सोय केली. त्यांतला एक जरी उपकरणाच्या यादीत असला तरी त्याने गप्प राहायचे. नोंदण्या एकदम घटतात. पण हे फुकट मिळत नाही. नेटवर्कला उपकरण शोधायचे असेल, तर तो क्रमांक सांगणाऱ्या सगळ्या सेलमधून त्याला हाक मारावी लागते. सेल जितके जास्त क्रमांक सांगेल, तितके हाक मारण्याचे क्षेत्र पसरते. उपकरणाचे श्रम वाचवले की ते नेटवर्कच्या माथी जातात, आणि नेटवर्कचे वाचवले की उपकरणाच्या.

काही उपग्रह बीम वळवू शकतात. ते पुढे जात असताना बीम मात्र काही मिनिटे जमिनीच्या त्याच तुकड्यावर रोखून धरतात आणि मग तो तुकडा मागच्या उपग्रहाच्या हवाली करतात. तिथे हा त्रास पुष्कळ कमी होतो. भूस्थिर उपग्रहाच्या बाबतीत तर तो जवळपास नसतोच. पण ३५,७८६ किलोमीटरवरून संदेश जमिनीवरच्या केंद्रापर्यंत जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो, आणि एकाच बीममध्ये कित्येक देश येऊ शकतात, हे त्याचे वेगळे दुखणे आहे.

नवशिकी

प्रतिसाद दोनदा वाचला. तारायंत्री, ‘हाक मारणे’ म्हणजेच पेजिंग का? आणि नेटवर्कला उपकरण नेमके कुठे आहे हे आधीच माहीत असेल, तर सगळीकडून हाक मारण्याची गरजच काय?

तारायंत्री

हो, पेजिंगच. बोलणे चालू असताना उपकरण कोणत्या सेलमध्ये आहे हे नेटवर्कला ठाऊक असते. बोलणे संपून ते विश्रांतीत गेले की नेटवर्कच्या वहीत फक्त यादी उरते: ‘या दोन-तीन भागांपैकी कुठेतरी असेल.’ ही वही ढोबळ ठेवली आहे ती मुद्दामच. ती काटेकोर ठेवायची तर प्रत्येक उपकरणाला सतत बोलत राहावे लागेल, आणि धागाकर्त्यांची बॅटरी आठवड्यातच संपेल.

जुना_खलाशी

धागा वाचून जुने दिवस आठवले. जहाजावर आमच्याकडे इरिडियमचा हँडसेट होता. त्या जाळ्यात ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह आहेत आणि प्रत्येकाचे ४८ बीम. सेवा १९९८ साली सुरू झाली. फिरत्या बीमचा प्रश्न ही काही ५जीने काढलेली नवी गोष्ट नव्हे. केबिनमध्ये त्या फोनचा उपयोग शून्य होता. डेकवर जायचे, जाडजूड अँटेना उपसून उभी करायची, क्रेनच्या सावलीतून बाजूला व्हायचे आणि पडद्यावर ‘शोध चालू’च्या जागी ‘नोंदणी झाली’ येईपर्यंत हात न हलवता उभे राहायचे. एकदा कप्तानसाहेब बोलत असताना जहाजाने वळण घेतले आणि चिमणी नेमकी मध्ये आली. पुढची पाच मिनिटे आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो.

दुसऱ्या एका जहाजावर थुरायाचा हँडसेट होता. त्याचे उपग्रह भूस्थिर आहेत, पण फोनमध्ये जीपीएस होते आणि नोंदणी करताना फोन आपले ठिकाण नेटवर्कला सांगत असे. बीम एवढा मोठा की नुसत्या बीमवरून माणूस कुठे आहे ते कळणार नाही, म्हणून ही सोय.

अवांतर: संकटात सापडलेल्या जहाजांसाठी असलेल्या कोस्पास-सारसॅट यंत्रणेत ठिकाण उलट बाजूने काढत असत. बीकनला जीपीएस नसले तरी उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना ४०६ मेगाहर्ट्झच्या लहरींच्या वारंवारतेत जो फरक पडतो, म्हणजे डॉप्लर, त्यावरून सुमारे ५ किलोमीटरच्या आत ठिकाण मिळत असे. पहिली सुटका १९८२ सालची. गंमत अशी की त्या गणिताला नेहमी दोन उत्तरे यायची: उपग्रहाच्या वाटेच्या एका बाजूला खरे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे आरशातले प्रतिबिंब. कोणते खरे, ते ठरवायला कधी कधी दुसऱ्या फेरीची वाट पाहावी लागे.

शंकासूर

खलाशीबुवांचे अवांतर मला मुळीच अवांतर वाटत नाही. उपकरणाने स्वतः सांगितलेल्या जीपीएसच्या आकड्यावर नेटवर्कने विश्वास का ठेवावा? सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे बदलले की मी हव्या त्या देशात आहे असे सांगू शकतो. जमिनीवरचा टॉवर तरी एका देशात रोवलेला असतो. इथे ‘मी कुठे आहे’ याचा साक्षीदार मीच.

सीमारेषा

शंकासूर यांनी नेमके बोट ठेवले आहे. ठिकाणावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. आणीबाणीचा कॉल कोणत्या मदतकेंद्राकडे वळवायचा, आपत्तीचा इशारा कोणाला द्यायचा, आकारणी कोणत्या दराने करायची, आणि मुळात त्या देशात त्या नेटवर्कला सेवा देण्याची परवानगी आहे की नाही, हे सगळे त्यावरूनच ठरते. म्हणूनच रिलीज १७ मध्ये नोंदणी नाकारण्यासाठी एक नवे कारण घातले गेले, क्रमांक ७८: उपकरण सध्या ज्या ठिकाणी आहे तिथे या नेटवर्कला काम करण्याची परवानगी नाही. हा नकार आला की उपकरणाने त्याच नेटवर्कचे दार पुन्हा पुन्हा ठोठावायचे नसते.

कोअर नेटवर्कला, म्हणजे नोंदण्या आणि कॉल सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेला, उपग्रहाचा कोणता बीम होता, याच्याशी काही कर्तव्य नसते. त्यामुळे बेस स्टेशन त्याच्याकडे जमिनीवरच्या ठरावीक तुकड्याचा ‘मॅप केलेला’ सेल क्रमांक पाठवते. उपग्रह कोणताही असो, तुकडा तोच तर क्रमांक तोच. हा क्रमांक ठरवण्यासाठी उपकरणाकडून ढोबळ ठिकाण मागवता येते, साधारण २ किलोमीटरच्या अचूकतेचे, आणि तेही संदेशांचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) सुरू झाल्यावरच.

आता खोटे सांगणाऱ्यांचे काय? रिलीज १८ मध्ये नेटवर्कने स्वतः ताळा घेण्याची तरतूद झाली. एकच उपग्रह वाटेवरच्या वेगवेगळ्या जागांवरून उपकरणापर्यंत जाऊन येण्याचा वेळ मोजतो आणि त्या अंतरांवरून ठिकाण काढले जाते. अपेक्षा ५ ते १० किलोमीटरच्या अचूकतेची आहे, म्हणजे जमिनीवरच्या मोठ्या सेलइतकी. देश ओळखायला तेवढी पुरते, अर्थात रेषेला अगदी खेटून असलेली माणसे सोडून. आणि खलाशीबुवांचा आरसा इथेही येतो. उपग्रह जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे वाटेच्या डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन बिंदू सारख्याच अंतरांवर बसतात. उपकरण कोणत्या बीममध्ये ऐकू आले ते पाहून त्यांतला खोटा बिंदू बाजूला काढता येतो.

अनामिका_अ

२ किलोमीटर ‘ढोबळ’ वाटतात ते दाट वस्तीत. ओसाड भागात २ किलोमीटरच्या चौकोनात एकच माणूस असेल, तर त्याचे नाव लिहून दिल्यासारखेच आहे. संमती विचारून माहिती घेतात हे मान्य आहे. पण नाही म्हटले की सेवाच मिळणार नसेल, तर त्या संमतीला फार वजन उरत नाही.

सीमारेषा

आपला आक्षेप रास्त आहे. त्यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही. तो प्रश्न ही माहिती कोण आणि किती दिवस जपून ठेवते याचा आहे.

बॅटरीवाली

मंडळी, चर्चा उत्तम चालली आहे, पण धागाकर्ते बॅटरीचे दुखणे घेऊन आले होते. माझा अनुभव सांगते.

पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांवरच्या उपकरणांचे काम मी तीन वर्षे केले. उपग्रह तुरळक होते. एक डोक्यावरून गेला की दुसरा यायला बराच वेळ लागे. आमची पहिली तुकडी अपेक्षेच्या एक-तृतीयांश काळात निवर्तली. सगळा दोष आम्ही नोंदणीच्या संदेशांवर ढकलत होतो. मग एका उपकरणाच्या बॅटरीच्या तारेत मीटर जोडून ते टेबलावर, खिडकीत ठेवले आणि रात्रभर आलेख काढला. नोंदणीचे सुळके उंच होते, पण सुईसारखे बारीक. खरी खादाड दोन पठारे होती. एक जीपीएसचे: उपग्रहाशी बोलण्याआधी वेळ आणि वारंवारता दुरुस्त करून घ्यायला उपकरणाला स्वतःचे ठिकाण लागते, आणि एनबी-आयओटीच्या उपकरणाला जीपीएस व रेडिओ एकाच वेळी चालवता येतील असे धरलेले नाही, म्हणून आधी हे आणि मग ते. दुसरे पठार त्याहून लांब होते. आकाशात एकही उपग्रह नसताना उपकरण सेल शोधत बसले होते.

ते शोधायला का उठत होते, तर ठरावीक काळाने करायच्या नोंदणीचा टायमर संपला म्हणून. ही नोंदणी जागा बदलल्याची नसून ‘मी अजून आहे’ असे कळवण्याची असते. ४जीत त्या टायमरचे नाव टी३४१२ आणि मूळ मूल्य ५४ मिनिटे. नेटवर्क स्वतःकडे त्याहून ४ मिनिटे अधिक असा दुसरा टायमर लावून बसते, आणि तेवढ्यात काहीच कळले नाही तर उपकरण आवाक्याबाहेर गेले असे धरते. टॉवरच्या जगात हे ठीक आहे. उपग्रह दोन-दोन तास नसेल तर ५४ मिनिटांच्या टायमरला काय अर्थ आहे? आता उपग्रह पुढे केव्हा येणार याची माहिती उपकरणाला आधीच देण्याची सोय रिलीज १७ मध्ये आहे, पण फर्मवेअर ती वाचते की नाही हे पाहावे लागते.

तेव्हा थांबलेला_प्रवासी, आपल्या लॉगमधल्या १९ नोंदण्यांचा प्रकार पाहा. संदेशातच लिहिलेले असते: ‘ठरावीक काळाची’ की ‘क्षेत्र बदलल्याची’. आधी दोन ढीग करा आणि मग बोलू.

पडघम

बॅटरीवाली यांनी एका वाक्यात ‘निवर्तली’ म्हणून जे दुःख व्यक्त केले आहे, त्याला माझे अनुमोदन.

थांबलेला_प्रवासी

सर्वांचे आभार. दोन ढीग केले.

१९ पैकी ७ नोंदण्या ठरावीक काळाच्या निघाल्या. त्या सातही उपग्रह उगवल्यावर पहिल्या मिनिटात झालेल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या आधी लॉगमध्ये ‘सेल शोध’ अशा ओळींची लांबलचक रांग आहे. बॅटरीवाली म्हणतात तसेच झाले आहे: टायमर मधल्या पोकळीत संपतो, उपकरण जागे होते, अंधारात चाचपडते आणि उपग्रह आल्या आल्या नोंदणी करते.

उरलेल्या १२ क्षेत्र बदलल्याच्या आहेत. त्यांत दोनच क्रमांक आलटून पालटून दिसतात. त्यांना मी ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ म्हणतो. प्रत्येक वेळी नेटवर्कने उत्तरादाखल दिलेल्या यादीत एकच क्रमांक आहे. उत्तरेत नोंदणी केली की यादीत फक्त उत्तर, आणि काही मिनिटांनी दक्षिण ऐकू आले की पुन्हा धावपळ.

तारायंत्री

आपला खांब हद्दीच्या रेषेजवळ आहे आणि नेटवर्क हार्ड स्विच वापरते आहे, हे यावरून उघड आहे. फर्मवेअरचा यात दोष नाही. यादीत नसलेला क्रमांक ऐकल्यावर नोंदणी करणे हे त्याचे कर्तव्यच होते. उपाय नेटवर्ककडे आहे, आणि तो सोपा आहे. यादीत १६ पर्यंत क्षेत्रे घालता येतात. त्यांनी आपल्या उपकरणाला उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही क्रमांक एकाच यादीत दिले, तर या बाराच्या बारा नोंदण्या थांबायला हव्यात.

शंकासूर

दोनच का? सोळाच्या सोळा देऊन टाकावेत, म्हणजे कटकट मिटली.

तारायंत्री

फिरत्या उपकरणाला तसे दिले तर हाक सोळा क्षेत्रांत मारावी लागेल, आणि उपग्रहाकडे पेजिंगची जागा मोजकीच असते. या खांबाला मात्र सोळा दिले काय नि दोन दिले काय, तो तिथेच राहणार. तेव्हा त्याला ज्या दोन क्षेत्रांचे क्रमांक ऐकू येतात तेवढीच द्यावीत, हे शहाणपणाचे. शिवाय या उपकरणाला कोणी फारशी हाक मारत नाही. ते आपण होऊनच बोलते.

आकाशवेध

माझे पहिले उत्तर अर्धेच बरोबर होते, हे कबूल करतो. उपग्रह फिरतो हे खरे, पण १९ नोंदण्यांचे कारण तेवढेच नव्हते.

थांबलेला_प्रवासी

सेवा देणाऱ्यांना लॉगच्या प्रतीसह पत्र लिहिले होते. चार दिवसांनी त्यांनी यादी बदलली. कालच्या दिवसाचा लॉग आत्ताच पाहिला: नव्या यादीत दोन्ही क्रमांक आहेत आणि क्षेत्र बदलल्याची एकही नोंदणी नाही. ठरावीक काळाच्या मात्र ९ झाल्या आहेत, म्हणजे पूर्वीपेक्षा २ जास्त.

बॅटरीवाली

ते अपेक्षितच आहे. पूर्वी क्षेत्र बदलल्याच्या प्रत्येक नोंदणीने टायमर नव्याने सुरू होत असे; आता तो अडथळ्याविना संपतो. टी३४१२ चे वाढीव मूल्य मागून घ्या. दिवसातून ४ मोजण्या जातात, म्हणजे दर ६ तासांनी नेटवर्कशी बोलणे होतेच. टायमर त्याहून थोडा मोठा असला की स्वतंत्र नोंदणीची वेळच सहसा येणार नाही. नेटवर्क आपला टायमर त्यावरूनच लावते, पण त्यांच्याकडे कोणी हाताने वेगळे मूल्य घालून ठेवलेले नाही ना, एवढे विचारून घ्या.

थांबलेला_प्रवासी

८ तासांचे मूल्य मागितले आहे आणि आपला शेवटचा प्रश्नही पत्रात जसाच्या तसा घातला आहे. उत्तर आले की इथेच लिहीन.